‘कळलं नाही’चं लेबल

आमच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मॅडम ‘कशावरून?’ विचारल्याशिवाय कुणाचंच काही मान्य करत नाहीत. चहा गोड झालाय म्हटलं तरी आधी घोट घेऊन बघतात. नारायण पेठेतून स्कूटरवर येतात, ओढणी खोचून बसतात आणि संगणकाच्या आत घडलेल्या एकेका घटनेची नोंद वाचून तिला लेबल लावतात: ‘नेहमीचं’, ‘घातक’ किंवा ‘कळलं नाही’. आमचं सगळं संशोधन या लेबलांवर उभं आहे.

परवा मीटिंगमध्ये आमचे प्रमुख सर म्हणाले, “मॅडम, ‘कळलं नाही’ फार झालंय. रिसर्च पेपरमध्ये बरं दिसत नाही. ते सगळं ‘नेहमीचं’मध्ये टाका.”

“ते नेहमीचं आहे, कशावरून?”

“मी सांगतोय म्हणून. नाहीतर पेपरवर तुमचं नाव राहणार नाही.”

मॅडम उठल्या. समोरच्या पडद्यावर पेपर उघडाच होता. त्यातलं स्वतःचं नाव त्यांनी स्वतःच पुसलं. लेबलं होती तशीच ठेवली.

सर गडबडले. “अहो, पण ही लेबलं कुणी लावली असं विचारलं, तर मी काय सांगू?”

“सांगा, कळलं नाही,” मॅडम म्हणाल्या आणि चहाला निघून गेल्या.