उभ्या खाचेची सायकल

आकाराम सायकलवाल्याचं दुकान माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून. अख्ख्या रहिमतपुरात त्याच्याइतका चौकस माणूस नसेल, आणि त्या चौकसपणाचा सगळा ताप मला. पंक्चर काढायला आलेल्याला हा पठ्ठ्या खिळा कुठल्या रस्त्यावर घुसला तेसुद्धा विचारणार.

चौऱ्याहत्तर साली मानसिंग बैलगाडीत एक सायकल टाकून आला. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेलेला. तेव्हापासून कुणीतरी त्याला कॅरियरवर बसवून मळ्यात न्यायचं, बांधावर उतरवायचं. बायको अंजना चिखलात उतरून उसाला पाणी देणार आणि हा बसून बघणार. आपल्याकडची काळी सायकल एका पायाला जड जायची, म्हणून कोयनानगरच्या धरणावरच्या साहेबांच्या वसाहतीतल्या भंगारातून त्यानं ही हलकी, परदेशी सायकल आणली होती. गिअर मोडून पडलेले. मळ्यात एकट्यानं जाता यावं, एवढंच त्याचं मागणं.

आकारामनं गिअर काढून मागं एकच चक्र ठेवलं आणि फ्रीव्हील वेल्डिंगनं जाम केलं. म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडल आपोआप वर येणार, एका पायावर भागणार. इथवर झकास. पण चेन लोंबायला लागली. आपल्या सायकलीत मागच्या चाकाचा आस ज्यात बसतो ती खाच आडवी असते. चाक मागं ओढलं की चेन ताणली. हिची खाच उभी, चाक मागंपुढं हलायचंच नाही. आकाराम दोन दिवस तिच्यापुढं उकिडवा बसून होता, आणि त्याची गिऱ्हाईकं माझ्या दुकानात येऊन बोंब मारत होती.

तिसऱ्या दिवशी मला न विचारता त्यानं माझं दोऱ्याचं लाकडी रीळ उचललं आणि स्प्रिंग लावून चेनच्या खालच्या बाजूला दाबून बसवलं. दिसायला लय भारी. कालव्याच्या उतारावर वेग आवरायला मानसिंगनं पायडल मागं रेटलं, तशी खालची चेन ताठ झाली, रीळ दबलं, वरची चेन सुटली आणि गडी बाभळीत. मी आकारामला नको नको ते बोललो. तो मात्र मानसिंगच्या अंगातले काटे काढता काढता विचारत होता, चेन आधी पुढनं सुटली का मागनं.

मग सांगलीहून त्यानं वेगवेगळ्या दातांची चक्रं मागवली. अठरा काय, एकोणीस दातांचं लावलं तरी चेन सैल, विसाचं लावलं तर तारेसारखी ताठ. विसाचं पक्कं करून स्वारी खूश. इथंच त्याची जुनी सवय नडली. आधी तो विहिरीवरच्या इंजिनांची कामं करायचा, आणि इंजिनाचा पट्टा ताठच लागतो. चेनला ते मानवत नाही. मानसिंगला दहा हातसुद्धा सायकल रेटता येईना. तो उतरला आणि तोंड फिरवून म्हणाला, "ऱ्हाऊ दे आकाराम. कॅरियरच बरं."

आकारामनं आयुष्यात पहिल्यांदाच काही विचारलं नाही. कितीतरी वेळ हातानं पायडल फिरवत, अंगठा चेनवर ठेवून बसला.

"आमी ताणतच बसलो रं," शेवटी तो मला म्हणाला. "हिला जरा सोडायला पायजे."

म्हणजे चाक केसभर पुढं घ्यायचं, त्यासाठी खाचेची पुढची कड कानशीनं घासायची. जास्त घासली की सांगाडा वाया, आणि तसला दुसरा कुठून आणायचा? मी नको नको म्हणत होतो. ऐकेल तर तो आकाराम कसला. कानशीचे चार हात मारायचा, चाक बसवायचा, चेन दाबून बघायचा, पुन्हा चाक काढायचा. सगळी दुपार त्यात गेली. चेन अंगठ्याखाली अर्धं बोट हलली, तेव्हा त्यानं कानस खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानसिंगनं कुबडी दांड्याला बांधली, पाय पायडलच्या पट्ट्यात अडकवला, भिंतीला रेटा दिला आणि गेला. दुपार झाली तरी पत्ता नाही. आकाराम चार वेळा रस्त्यापर्यंत जाऊन आला. मी एका सदऱ्याची बाही उलटी जोडली.

उन्हं कलताना मानसिंग आला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. आकारामनं आधी चेन बघितली, मग पाय धुवायला पाण्याची बादली पुढं केली.

"नगं," मानसिंग म्हणाला. "आज उसाला म्या पाणी दिलंय. अंजनाला दावू दे आधी."