वरच्या मजल्यावरच्या तिघी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या ऑपरेटरबाई दार उघडल्यावर आधी ‘या’ म्हणत नसत. ‘कोण हवंय?’ म्हणत. टेलिफोन खात्यात तीस वर्षं ट्रंक कॉल जोडून लागलेली सवय. पुढे यंत्रं आली, ऑपरेटरांची गरज उरली नाही आणि बाई मुदतीआधीच निवृत्त होऊन घरी बसल्या. लग्न केलेलं नव्हतं. आई होती, ती गेली. त्यानंतर त्यांनी ‘कोण हवंय?’ विचारलं की ऐकणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हायचं. घरात दुसरं कोणी नव्हतंच.

मग आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या दोन मुली त्यांच्याकडे राहायला आल्या. एक वर्ध्याची, एक अकोल्याची. प्रश्नाला अर्थ आला.

मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला आमची सोसायटी. मी तिचा सेक्रेटरी. पेइंग गेस्ट मुली तुम्हीही पाहिल्या असतील. वेगळं कपाट, वेगळी चावी, फ्रीजमध्ये स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावलेलं दही. इथे तसं नव्हतं. तिघींचा स्वयंपाक एक. शनिवारी वर्ध्याची मुलगी पाटोडीचा रस्सा करायची आणि बाई नाक पुसत दोनदा वाढून घ्यायच्या. रविवारी सकाळी तिघी मंडईत जायच्या. परत आल्या की पिशव्या जिन्यातच टेकवून बसायच्या. बाईंचा आवाज खणखणीत, त्यामुळे अख्ख्या मंडईला त्यांची घासाघीस ऐकू जात असणार. ‘काकू, तुम्ही भाव करून राहिल्या होत्या की ट्रंक कॉल लावून राहिल्या होत्या?’ असं वर्ध्याची म्हणायची, आणि तिघींचं हसणं आमच्या दारापर्यंत यायचं.

मी एकदा त्या आवाजाबद्दल बोललो. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘सेक्रेटरीसाहेब, हसायची परवानगी कुठल्या फॉर्मवर मिळते? दोन प्रती आणा, भरून देते.’

फॉर्म मी खरंच नेऊन दिला, रहिवाशांच्या नोंदीचा. त्यात ‘कुटुंबप्रमुखाशी नाते’ असा रकाना होता. दोघी मुलींच्या नावांपुढे बाईंनी लिहिलं, ‘चालू आहे.’ कमिटी हसली. मी हसलो नाही.

का, ते आता सांगतो. त्याच वर्षी माझा मुलगा आणि सून बाणेरला वेगळे राहायला गेले होते. कंपनी जवळ पडते म्हणून, असं आम्ही लोकांना सांगायचो. खरं म्हणजे मुलगा माझ्याशी भांडून गेला होता. आम्ही दोघं नवरा-बायको टीव्ही लावून जेवायचो. वरून हसणं ऐकू आलं की बायको छताकडे बघून म्हणायची, ‘परक्या मुली आहेत त्या.’ एवढंच म्हणायची. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

एकदा मी वर्ध्याच्या मुलीला जिन्यात थांबवलं आणि हळू आवाजात सांगितलं, की बाईंना आता झेपत नाही. त्या तोंडाने बोलणार नाहीत, तुम्हीच समजून घ्या.

ती दोन पायऱ्यांवर दोन पाय ठेवून तशीच उभी राहिली. ‘काकू स्वतः म्हणाल्या का, काका?’

‘म्हणाल्या,’ मी म्हणालो.

दोन दिवसांनी बाईंना सांगितलं, की मुलींना कंपनीजवळ जागा मिळते आहे, केवळ तुमच्या भिडेने थांबल्या आहेत. सोसायटीचा नियम काढला असता तर बाई कडाडून भांडल्या असत्या. यावर भांडल्या नाहीत. ‘असं आहे होय,’ म्हणाल्या. मग पुढे, ‘मी नाही विचारणार त्यांना. लाइनवर काय चाललंय ते ऑपरेटरने ऐकायचं नसतं.’

संध्याकाळी जेवताना विषय निघेल आणि माझं बिंग फुटेल, असं मी धरून चाललो होतो. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण बाईंना अवघड वाटू नये म्हणून मुलींनी सांगितलं, जागा मिळाली आहे. मुलींना अवघड वाटू नये म्हणून बाई म्हणाल्या, बरंच झालं, मलाही आता आराम. महिनाअखेरीला टेम्पो आला. बाईंनी दोघींना दोन डबे भरून दिले. मी खिडकीतून पाहत होतो.

सोसायटीतले जुने लोक आजही म्हणतात, त्या पोरींनी म्हातारीला एकटं टाकलं. ते खरं नाही. ते मी केलं.

वर्षभरात बाईंनी फ्लॅट विकला आणि त्या शहराबाहेर, मांजरी गावाला, भाच्याकडे राहायला गेल्या. नवी इमारत, मागे उसाचं शेत. हॉलमधला दिवाण ही त्यांची जागा. पाहुणे आले की त्यावर बसत आणि बाई उठून आत स्टुलावर जाऊन बसत. त्याच घरी त्या वारल्या.

बायको आता नाही. मुलगा बाणेरलाच आहे. गेल्या वर्षी दुपारी बेल वाजली. दारात वर्ध्याची मुलगी, कानाजवळचे केस पिकलेले. वरच्या घरात अनोळखी माणसं दिसली, म्हणून खाली चौकशीला आली होती. बाई गेल्याचं सांगितलं तशी ती खुर्चीत बसली. मी चहा केला.

‘आमचा त्रास झाला ना त्यांना,’ ती म्हणाली, ‘म्हणून मग फोन करायची हिंमतच नाही झाली कधी.’

मग मी सगळं सांगितलं, जिन्यातलं आणि नंतरचं. शेवटी तिने विचारलं, ‘काकूंना सांगितलं होतं तुम्ही हे?’

‘मांजरीला दोनदा गेलो होतो,’ मी म्हणालो. ‘दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.’

तिने समोरचा कप उचलला नाही. पर्स घेतली आणि उठली. दारात ‘येते’ म्हणाली नाही. ‘जाते’ म्हणाली.