अनुसयाकाकी, डायरेक्टर

जिनिंगमधली रुई गाठी बांधून बाहेर जाते, सरकी तेलघाणीला जाते, किस्से तेवढे ऑफिसातच राहतात. सोनाळ्याच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी टायपिस्ट कम क्लार्क होतो. महाराष्ट्र नवा होता, माझी नोकरीही. निम्मे किस्से मालकीणबाईंचे, म्हणजे अनुसयाकाकीचे.

*

मालक भाऊसाहेबांनी जिनिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करायची ठरवली. वकील म्हणाले, डायरेक्टर दोन लागतात. भाऊसाहेबांचा ना भावावर विश्वास, ना मित्रांवर. त्यांनी काकीचं नाव दिलं.

काकीनं सहीआधी विचारलं, डायरेक्टरले काय करा लागते? भाऊसाहेब म्हणाले, काही नाही, माया म्हणण्याले हो म्हणायचं.

"मंग तं मी सतरा वर्सापासून डायरेक्टर आहो," काकी म्हणाली.

*

बोर्डाची मीटिंग स्वयंपाकघरात व्हायची. मी उंबऱ्यावर मिनिट बुक घेऊन बसायचो. एकदा भाऊसाहेबांनी जुनं इंजिन विकत घ्यायचा ठराव मांडला. काकी नाही म्हणाली. मतं एक विरुद्ध एक. भाऊसाहेबांनी कायदा वाचला होता. म्हणाले, अशा वेळी चेअरमनचं, म्हणजे मायं, जास्तीचं मत धरतात.

काकीनं चुलीवरची कढई खाली उतरवली. आजची भाजी चेअरमननंच करावी, म्हणाली. ठराव मागे घेतल्याची नोंद माझ्या अक्षरात आहे.

*

कापसाची बैलबंडी आली की काकी कोपरापर्यंत हात कापसात घालायची. वरून पांढराशुभ्र, आत वजनासाठी ओला केलेला, असला माल तिच्या हातून सुटत नसे. एका पाटलाला ती शांतपणे म्हणाली, "ढोरायले पाणी पाजलं का, का सगळं कापसालेच पाजलं?" पाटलानं बंडी वळवली. दुसऱ्या दिवशी वाळवलेला कापूस घेऊन आला आणि चहा पिऊन गेला.

*

मग पेन्शनची योजना आली. कंपनीनं दर महिन्याला हप्ता भरायचा, म्हातारपणी माणसाला पेन्शन. माझं नाव झालं, फिटरचं झालं. काकीनं विचारलं, मायं?

भाऊसाहेब हसले. "तुले काऊन? मी आहो ना."

काकी म्हणाली, "माया मायलेबी बाबा असंच म्हणत. बाबा गेले, आन् माय लुगड्यासाठी भावाच्या तोंडाकडं पाहे."

भाऊसाहेबांनी मला मिनिट बुक उघडायला सांगितलं. ठराव त्याच दिवशी एकमतानं पास झाला.

*

वर्षभरानं टॅक्सचे साहेब तपासणीला आले. डायरेक्टरीणबाई खरंच काम करतात का, की मालकानं बायकोचं नाव नुसतं कागदावर ठेवलंय, एवढंच त्यांना बघायचं होतं. काम नसेल तर तिचा डायरेक्टरचा पगारही खर्च म्हणून नामंजूर आणि पेन्शनचा हप्ताही. आम्ही काकीला चार दिवस पढवलं होतं.

साहेबांनी विचारलं, बाई, तुम्ही कंपनीत काय करता?

परक्या माणसापुढं आपल्या कामाची बढाई मारायची तिला सवयच नव्हती. पदर सारखा करत ती म्हणाली, "मी काय करते? काहीच नाही. घरीच असते."

साहेबांनी तेच लिहून घेतलं. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. पण मालकीचा तोरा सुटेना; वर स्वतःच पुस्ती जोडली की आमच्या घरच्या बाईले कामाची गरजच नाही!

साहेबांनी जिनिंगचं रजिस्टर मागितलं. कोणत्या दिवशी मशीन बंद होती आणि का, ते मी त्यात इमानेइतबारे लिहायचो. साहेबांचं बोट खाली सरकू लागलं. संक्रांत. पट्टा तुटला. बाई माहेरी. बाई माहेरी. बाई माहेरी. बाई माहेरी.

"हे काय आहे?" साहेबांनी मला विचारलं. उत्तर काकीनंच दिलं.

"भाच्याचं लग्न होतं, साहेब. मी नाही तं कापूस कोण पाह्यन? यायनं घेतला असता तं ओलाच घेतला असता."

भाऊसाहेब मान खाली घालून म्हणाले, "हाव."

साहेबांनी आधीची ओळ खोडली आणि बराच वेळ लिहिलं. मग काकीला वाचून दाखवलं: कापूस पारखणे, भाव ठरवणे, मजूर लावणे, हप्ता मंजूर. म्हणाले, बाई, इथं सही करा.

काकीनं पेन हातात घेतला, पण सही केली नाही.

"साहेब, काटा लिहाचा राह्यला," ती म्हणाली. "वजनबी मीच पाह्यते."