भोंगा झाला की फोन बंद

माझा धाकटा भाऊ इस्रायलला सेंट्रिंगच्या कामावर गेला तेव्हा जाण्याआधी त्याने माझ्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं. तिकडे धोक्याचा भोंगा वाजला की इकडे माझा फोन किंचाळायचा. तो राहायचा ते गाव तिथल्या अगदी उत्तरेला. सीमेपलीकडच्या डोंगरातून एक सशस्त्र संघटना रॉकेटं सोडायची आणि तो डोंगर त्याला कामावरून दिसायचा. "आपल्या लेण्यांच्या डोंगराएवढाच आहे गं," असं तो हसत सांगायचा. मला मात्र त्यानंतर कार्ल्याचा डोंगरही नीट बघवेना.

मी लोणावळ्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझ्या वडिलांनी, आबांनी, आयुष्यभर खडीच्या खाणीत सुरुंगाचं काम केलं आणि त्या कमाईवर मला एम.ए.पर्यंत शिकवलं. ते ऋण माझ्यावर कायम आहे.

त्या रविवारी दुपारी जेवणं होत होती. फोन किंचाळला. मी भावाला फोन लावणार, एवढ्यात आबा ताटावरून उठले.

"बंद कर तो! सगळ्यांचे फोन बंद करा!"

"आबा, ही खाण नाही."

"भोंगा झाला ना? मग फोन न्हाई. एका लहरीनं भरलेला बार उडतो. मी बघितलंय."

खाणीत सुरुंगाचा बार भरला की भोंगा होतो, आणि मग मोबाईल बंद ठेवायचा नियम असतो. त्या रॉकेटांशी त्याचा काही संबंध नाही, हे मला कळत होतं. तरी मी फोन बंद केला. न जाणो, असं वाटलं. भीतीपुढे माझं शिक्षण एवढंच टिकलं.

मग आम्ही तिघं तशीच बसून राहिलो. भात ताटात वाळला. थोड्या वेळाने आई म्हणाली, "तू हेच शिकवतीस ना पोरींना? मग सांग, एवढ्या मोठ्या देशाला हे मूठभर लोक कशाला डिवचत्यात? मरायची हौस हाय का?"

"हौस नाही गं. बांधाच्या भांडणासारखं धर. एक शेजारी बारका, एक दांडगा. बारक्याला जिंकायचं नसतंच. दांडग्याची पोरं रोज राखणीला अडकली, त्या बाजूच्या शेतात जायला त्यांची बायामाणसं घाबरली, तरी त्याचं काम झालं. बारक्याच्या भाऊबंदांना दुसऱ्या बांधावर मार पडतोय, म्हणून दांडग्याला इकडे ओढायचं. आणि दांडग्याने चिडून जास्तच मारलं, तर भावकी कुणाच्या बाजूने जाते?"

"बारक्याच्या."

"शिवाय मागून कुणीतरी पुरवणारा असतो. भांडण मिटलं तर बारक्याला विचारणार कोण?"

"म्हंजी मार खायालाच उकरतो त्यो," आई म्हणाली. "आन् दांडगा तरी सोडतोय व्हय? आपला पोरगा ह्यात कुणाचा?"

"कुणाचाच नाही."

"रोजावर बांध घालाया गेलेला."

आबा ओरडले, "गप बसा दोगी!"

वर्गात हे सगळं मी फळ्यावर मुद्दे काढून शिकवत असे. आईला सांगताना मात्र मलाच त्याचा अर्थ उमगला. रागाने भांडणारा कधीतरी दमतो. हे तर विचार करून चाललेलं होतं, आणि दोन्हीकडून. ते लवकर थांबायला काही कारणच नव्हतं.

शेवटी आबा म्हणाले, "उडाले असतील बार. लाव आता."

फोन सुरू केला तर भावाचे तीन आवाजी निरोप आलेले. पहिला: "ताई, बंकरमध्ये आहोत. ज्याला घरी परत जायचंय त्याने आज संध्याकाळपर्यंत कळवावं, असं ठेकेदार म्हणालेत. तू शिकलेली आहेस, तू सांग. महिनाभरात थांबेल का? थांबणार असेल तर राहतो." दुसरा: "फोन बंद का येतोय? आबा बरे आहेत ना?" तिसऱ्यात नुसता भोंगा, आणि कुणीतरी हिंदीत ओरडत होतं, "दरवाज़ा, दरवाज़ा!"

मी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. आबा माझ्यासमोर उभे होते. "मीच बंद करायला लावला," एवढंच ते म्हणत राहिले.

ऊन ओसरीवरून उतरल्यावर त्याचाच फोन आला.

"आबांनी बंद करायला लावला ना? तरी मी ह्या खोलीतल्या पोरांना सांगत होतो, आमच्या घरी भोंगा झाला की..." तो हसायला लागला आणि मध्येच हसणं तोडून म्हणाला, "सांग ना ताई. थांबेल का?"

"नाही थांबणार. येतो म्हणून कळव."

"नक्की?"

"नक्की."

इतकं ठाम मी कुठल्या परीक्षेतही लिहिलं नव्हतं.

तो आला. आता लोणावळ्यात बंगल्यांच्या सेंट्रिंगची कामं घेतो. ते ॲप मी काढणार होते, त्याने काढू दिलं नाही. तेव्हा त्याच्या खोलीत असलेली बिहारची दोन पोरं अजून तिकडेच आहेत. फोन किंचाळला की तो हातातलं काम टाकून त्यांना फोन लावतो. आबा दारात येऊन उभे राहतात. फोन बंद करा, असं आता म्हणत नाहीत.

"लागला का रं?" एवढंच विचारतात, आणि तो हो म्हणेपर्यंत आत जात नाहीत.