गणपती चार बोटं डावीकडे

मामीचा फोन एरवी आईला येतो. या वेळी तो मला आला, तोही ऑफिसच्या वेळेत. मी पुण्यात ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत चाचणी विभागात आहे. गाडी ठरावीक वेगानं पळवायची, ब्रेक दाबायचा आणि ती किती अंतरात थांबते ते मोजायचं, असं हे काम. मामीच्या लेखी एवढी पात्रता पुरेशी होती.

"वर्षाबाई, तुमच्या मामानं नवी गाडी घेतली," ती म्हणाली. "शीतलला बाळंतपणाला आणायचंय औरंगाबादहून. हे म्हणतेत, मीच आणणार, माझ्या गाडीत. तू एकदा ये, ह्यांच्या बाजूला बस, अन् मला खरं सांग. तू हो म्हणलीस तरच माझी लेक त्या गाडीत बसल. न्हाई तर भाड्याची जीप करू."

शीतल माझी मामेबहीण. तिला सातवा महिना लागला होता. मामांचं परतूरला बी-बियाण्याचं दुकान आहे, आणि लेकीला स्वतःच्या गाडीतून आणणार हे त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालं होतं. भाड्याची जीप दारात उभी राहिली असती तर त्यांना महिनाभर दुकान उघडवलं नसतं. मी रजा टाकली.

पहिला दिवस: पुणे ते परतूर

पुण्याहून सकाळची एसटी पकडावी. खिडकी डावीकडची घ्यावी, म्हणजे दुपारचं ऊन लागत नाही. अहमदनगरच्या आसपास गाडी जेवायला थांबते तिथे जेवू नये, केळी घ्यावीत.

औरंगाबादच्या स्टँडबाहेर मामा-मामी गाडी घेऊन आले होते. गाडी पांढरी होती, सीट कव्हरवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं. मामी मागे बसली होती. तिनं दरवाजावरचं हँडल गाडी सुरू होण्याआधीच धरलं.

"पुढं बस, वर्षे," मामा म्हणाले. "एसी लावतो. तुमच्या पुण्यात असतो तसाच हाय."

औरंगाबाद-जालना रस्ता चौपदरी होऊन थोडेच दिवस झाले आहेत. रस्ता खरोखर चांगला आहे. मधे दुभाजक, दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा, कडेला मोसंबीचे ढीग लावून बसलेले विक्रेते. ज्यांना रस्ता ओलांडायचा असतो त्यांनी सोयीच्या जागी दुभाजक फोडून घेतला आहे. काही शेतकऱ्यांनी डावी लेन सोयाबीन वाळवायला घेतली आहे. महामार्ग सगळ्यांना उपयोगी पडतो आहे.

"किती वर चाललीय, मामा?"

"साठ."

मी मीटरकडे पाहिलं. मीटर दिसत नव्हता. स्टिअरिंगच्या मागे, मीटरच्या काचेला अगदी लागून एक गणपती बसवलेला होता. मागे प्रभावळ, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची फुलं. माझ्या बाजूनं सुई शून्यापासून तीसपर्यंत दिसायची. मग ती देवाच्या कानामागे जायची आणि टोलनाका आल्यावरच परत यायची.

मी घड्याळ काढलं आणि किलोमीटरचे दगड मोजले. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत तेहतीस सेकंद. साठच्या वेगानं साठ लागतात. हिशोब सोपा आहे. आमचा वेग एकशे दहाच्या जवळ होता. बदनापूर मागे पडलं ते मला पाटीवरूनच कळलं, गाव दिसलं असं म्हणता येणार नाही.

"तुम्हाला साठ कसं कळतं, मामा?"

"वीस वर्षं जीप चालवली, बाई. तिचा मीटर मी घेतली तव्हाच बंद होता. चाळीसला काच वाजायची, साठला बॉनेट हलायचं, सत्तरला दार. अन् ऐंशीला तुझी मामी बोलायला लागायची."

"मी आत्ता बोलूनच राह्यले की," मामी मागून म्हणाली.

"ती सवयीनं बोलते. गाडी बघ, हलून राह्यली का?"

गाडी बिलकुल हलत नव्हती. ती न हलावी म्हणून आमच्या कंपनीसारख्या पुष्कळ कंपन्यांतली माणसं वर्षानुवर्षं राबत असतात. मामा वेग अंगानं मोजत होते, आणि आम्ही त्यांचं मोजायचं साधन काढून घेतलं होतं.

परतूरला पोचलो. भाकरी, पिठलं, ठेचा. पहिली भाकरी संपायच्या आत मामीनं विचारलं, "मंग?"

"गाडी चांगली आहे," मी म्हणाले.

"गाडीचं कोण इचारतंय?"

मी वेग सांगितला. मामा हसले. मी दगडांचा हिशोब सांगितला, तसे त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"मामा, मीटर कधी बघितला का?"

"मीटरवर गणपती हाय."

"मंग हलवा गणपती," मामी म्हणाली.

"हलवा? राजूरच्या गणपतीपुढं नेऊन, पूजा करून बसवलाय. लेक सातव्या महिन्यात, अन् आत्ता मी गणपती हलवू? काही झालं म्हणजे?"

शीतलला सुखरूप आणायचं म्हणून एक जण गणपती हलवा म्हणत होती आणि त्याच कारणासाठी दुसरा हलवू देत नव्हता. मी ठेचा मागितला.

शेवटी मामीच म्हणाली, "जिथं बसवला तिथंच जाऊन इचारा."

दुसरा दिवस: राजूर

परतूरहून जालना आणि तिथून भोकरदनच्या रस्त्यानं राजूर. जालन्यापुढे रस्ता साधा आहे, खड्डे आहेत, त्यामुळे वेगाचा प्रश्न आपोआप सुटतो. मंदिर टेकडीवर आहे. पायऱ्या चढायला सोप्या आहेत, वरून वारा चांगला लागतो. चतुर्थी टाळून जावं, म्हणजे दर्शन शांतपणे होतं. खाली पोहे आणि भजी मिळतात. भजी घ्यावीत.

मामांनी गुरुजींना सगळं सांगितलं. मीटर हा भाग त्यांनी गाळला, म्हणून तो मी सांगितला.

"पूजा मी गाडीची केल्ती," गुरुजी म्हणाले. "मूर्ती खालच्या नारळाच्या दुकानदारानं चिकटवली. त्याला इचारा."

आम्ही खाली आलो. दुकानदार नारळ सोलत होता.

"गुरुजींनी सांगितल्याबिगर मी हात लावत न्हाई. अन् मी तव्हाच म्हणलो होतो, दादा, मीटर झाकून राह्यला. तुम्हीच म्हणले, समोर पाहिजे, नजरेसमोर."

"मी म्हणलो?"

"तुम्हीच."

मामी पदरात हसली. आम्ही पुन्हा वर गेलो. मामांना आता धाप लागली होती, त्यामुळे वाटाघाटी मी केल्या. गुरुजींनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी ब्रेकचं सांगितलं. तसे ते उपरणं सावरून आमच्यासोबत खाली आले.

गाडीत डोकावून त्यांनी मूर्ती पाहिली, ड्रायव्हरच्या सीटवर स्वतः बसून समोर पाहिलं.

"ह्यातलं काहीच दिसत न्हाई की हो," ते म्हणाले.

"देव दिसतो," मामा म्हणाले.

"देव दिसायला डोळे मिटले तरी चालतंय. गाडी तशी चालवता का?"

गुरुजींनी अक्षता टाकल्या, हात जोडले, आणि दुकानदाराला म्हणाले, "चार बोटं डावीकडं घे. तोंड आतच ठेव."

चिकटपट्टी निघेना. दुकानदारानं पटाशी आणली, तेव्हा मामांचा चेहरा पाहवेना. मी हाराचा जाड दोरा मागून घेतला आणि मूर्तीखालून करवतीसारखा मागेपुढे ओढला. पट्टी कापली गेली. मूर्ती मामांनी दोन्ही हातांत घेतली आणि नवी पट्टी लागेपर्यंत खाली ठेवली नाही.

परतीच्या वाटेवर मामांनी पहिल्यांदा सुई चढताना पाहिली. जरा बरा रस्ता लागला तसे म्हणाले, "साठ म्हणजे एवढंच?"

"एवढंच."

"चालत गेलो तरी पोचलो असतो."

जालन्याच्या अलीकडे आमचा करार झाला. चौपदरीवर ऐंशी, त्यापुढे नाही. मामी शंभराला तयार नव्हती आणि मामा साठाला. मी मामीला हो म्हणून सांगितलं. अट एकच घातली, मागच्या सीटचे पट्टे लावायचे. मागचे पट्टे सापडले नाहीत. नव्या सीट कव्हरच्या खाली ते कायमचे गाडले गेले होते. घरी गेल्यावर कव्हर उसवून मी ते बाहेर काढले. मामी म्हणाली, इंजिनेर झाल्यापासून तू शिवण उसवायला शिकलीस.

तिसरा दिवस: औरंगाबाद ते परतूर

या दिवशी खरं तर मला जांब समर्थला जायचं होतं. ते राहिलं. तुम्ही परतूरपर्यंत आलात तर जाऊन या.

शीतल मागे बसली. कमरेचा पट्टा पोटाच्या खालून घ्यायचा, पोटावरून नाही, हे मी दाखवलं. "ह्याची काय गरज?" ती म्हणाली. मामी म्हणाली, "लाव. तिनं कव्हर फाडलंय त्यासाठी."

मामा ऐंशीवर होते. ट्रक सोडून सगळे आम्हाला मागे टाकत होते. एका जुन्या जीपनं मागे टाकलं तेव्हा मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुईकडे पाहिलं.

बदनापूरच्या पुढे, फोडलेल्या दुभाजकातून एक मोपेड आत आली. चालवणारा एक म्हातारा, मागे एक बाई आणि दोघांच्या मधे आडवी कडब्याची पेंढी. पेंढीनं आमची सगळी लेन अडवली होती. त्या पेंढीमुळे म्हाताऱ्याला आम्ही दिसत नव्हतो. दिसायला हवं असंही त्याला वाटत नसावं. शेजारच्या लेनमध्ये ट्रक होता.

मामांनी ब्रेक दाबला. मामी ओरडली. टायरांचा वास आला. गाडी थांबली तेव्हा कडब्याचं टोक बॉनेटला लागून होतं. म्हाताऱ्याच्या पटक्याचे पीळ मोजता आले असते.

त्यानं मान वळवून आत पाहिलं.

"काय राव, झोपले व्हते का?" तो म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला. पेंढी हलत हलत मोसंबीच्या बागेत दिसेनाशी झाली.

शीतलनं पोटावर हात ठेवला होता. मामीनं विचारलं, "हाय ना गं?"

"लाथ मारली त्यानं," शीतल म्हणाली. "हाय."

मामांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"वर्षे. परवा इथूनच गेल्तो ना आपण? ह्याच बाजूनं, परतूरकडं जाताना?"

"हो."

"तव्हा किती होतं?"

"एकशे दहा."

"तेवढ्याच वेळी ब्रेक दाबला असता तर? कुठं थांबलो असतो?"

आमच्याकडे याचं कोष्टक आहे. ते मला पाठ आहे. सांगावं की नाही, एवढंच ठरवायचं होतं. मामांनी विचारलं होतं म्हणून सांगितलं.

"इथं थांबलो नसतो, मामा. ह्या जागी पोचलो असतो तेव्हा अजून ऐंशीच्या वर असतो."

त्यांना ते पटलं नाही. कुणालाच पटत नाही. तीस जास्त, तर तीसच उरायला हवेत असं वाटतं. पण जास्त वेगात पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच बराच रस्ता संपतो, आणि ब्रेक लागल्यावर उरलेला पुरत नाही. मी हे दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा मामा गणपतीकडे बघत ऐकत होते. आता त्यासाठी त्यांना मान डावीकडे वळवावी लागत होती.

"ऐंशीच्या वर," ते म्हणाले. "पेंढीपाशी."

"हो."

परतूरपर्यंत सुई साठवर राहिली. मामी एकदाही बोलली नाही.

पुणे

परतूरहून मी रेल्वेनं परतले. मामांनी स्टेशनवर मोसंबीची पिशवी दिली. ती जड होती.

कामावर रोज तोच आलेख समोर येतो. खाली वेग, बाजूला अंतर, आणि वर वर उभी होत जाणारी रेघ. तिच्या टोकाशी पूर्वी काही नव्हतं. आता मोपेडवर कडबा घेतलेला एक म्हातारा आहे, आणि तो मला झोपले व्हते का असं विचारतो.

शीतलला मुलगी झाली. कळा अपेक्षेपेक्षा आधी सुरू झाल्या आणि तिला परतूरहून जालन्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. ही हकिगत मामीनं मला फोनवर सांगितली, जरा तक्रारीच्या सुरात. शीतल मागे कण्हत होती, रस्ता मोकळा होता, आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामी मामांना म्हणाली, "अहो, जरा जल्दी चालवा."

मामांनी ऐकलं नाही. सुई साठवर ठेवली. दवाखान्यात पोचले, त्यानंतर बाळाला यायला अजून चांगले तीन तास लागले.

"ह्यांना काही म्हणायची सोय न्हाई राहिली," मामी म्हणाली. "तूच सांगितलंस ना ते पेंढीचं?"

मी हो म्हणाले.