गोड हा शब्द

डिचोलीतल्या आमच्या शाळेत शिकलेला एक मुलगा सीमेवर लढताना गेला. मी त्याला तीन वर्षं मराठी शिकवलं होतं. शाळेने त्याच्या नावाची पाटी लावायची ठरवली. मुख्याध्यापकांना कुठेतरी एक लॅटिन वचन सापडलं होतं. त्याचं मराठी मी करून दिलं : 'देशासाठी मरण गोड आणि शोभून दिसणारं.' खरं सांगते, ओळ जमली म्हणून मी खूश होते.

कार्यक्रमाच्या सकाळी त्याच्या आईला आणायला मी रिक्षा घेऊन गेले. सिंधुदुर्गातून आलेलं कुटुंब. नवरा खाणीच्या ट्रकवर होता. वाटेत तिने विचारलं, "बाई, पाटयेर काय लिवलां?"

मी सांगितलं.

"गोड? तो गेलो त्याच्या चार दिस आदी फोन इल्लो. दाढ दुखता म्हणा होतो. लवंग धर म्हटलंय, तर म्हणता, हंय खंय गावतली?"

मला रिक्षात बसवेना.

तिला ऑफिसात बसवून मी मुख्याध्यापकांना गाठलं. "सर, तो शब्द काढूया."

"बाई, पाहुणे निघालेत. आणि वचन दोन हजार वर्षांचं आहे, तुमचं-माझं नाही."

चित्रकलेच्या कपाटात काळा रंग होता, पाटीही काळीच होती. पाटीवरच्या पडद्यामागे जाऊन मी 'गोड आणि' यावर ब्रश फिरवला.

पडदा सरला, टाळ्या वाजल्या. मधली रिकामी जागा पाहून मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. आई पुढे झाली, एकेक अक्षर लावत वाचू लागली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आणि शोभता कोणाक, बाई?"

त्या आठवड्यात वर्गात शिकवताना मी दोनदा वाक्य अर्धवट सोडलं. घरी भात करपला.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी सगळी ओळच काळी केली. फक्त त्याचं नाव आणि गाव ठेवलं. सोमवारी मला मेमो मिळाला. मी सही केली. ओळ पुन्हा कुणी लिहिली नाही, पण मुख्याध्यापक निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. आजही कुणी भाषणासाठी चार ओळी मागितल्या, की माझं पेन कागदावर टेकत नाही.