मारामारीत अडकणारा काटा

त्या हॉलमध्ये तिला सगळे काटेवाली म्हणत. बॉक्सिंगच्या रिंगवर टांगलेल्या मोठ्या पडद्यावरचं घड्याळ तिच्या प्रोग्रामवर चालायचं. काटा तिसऱ्यांदा फिरून वर पोचला, म्हणजे तीन मिनिटं झाली, की घंटा आपोआप वाजे आणि पंच दोघांना सोडवी. पूर्वी ती स्वतः रिंगमध्ये उतरायची. एका ठोशाने तिच्या नाकाचं हाड आत गेलं, दोन दात जिभेवर आले, आणि आईने शपथ घातली. मग ती कोड लिहायला शिकली. हॉल मात्र सुटला नाही, कारण धाकटा भाऊ तिथेच लढायचा.

भावाच्या डाव्या डोळ्याचा आतला पडदा एकदा सुटला होता. डॉक्टरांनी तो कसाबसा चिकटवला आणि स्वच्छ सांगितलं, पुन्हा इथे मार बसला तर डोळा गेला म्हणून समज. भाऊ म्हणे, एवढी एक लढत, मग हातमोजे खुंटीला. हे तो प्रत्येक लढतीआधी म्हणे.

एका दुपारी टकल्या नावाच्या बॉक्सरला समोरच्याने दोरांवर रेटलं आणि बदड बदड बदडलं. भुवई फाटली, रक्त पंचाच्या शर्टावर उडालं, लोक खुर्च्यांवर चढले. काटेवालीचं लक्ष काट्याकडे गेलं. तो अडखळत होता. मोबाइलमधल्या घड्याळाप्रमाणे फेरी केव्हाच संपली होती आणि मार चालूच होता. घंटा झाली तेव्हा टकल्या गुडघ्यांवर बसून आईला हाका मारत होता.

कुणी म्हणालं घंटा बिघडली, म्हणून मालकांनी नवी घंटा आणली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. दोष तिच्या कोडमध्ये होता. तिने प्रोग्रामला सांगितलं होतं, दर सेकंदाला उठ आणि काटा सहा अंश पुढे ढकल. पण हाणामारी रंगली की तोच कॉम्प्युटर ठोशांची दृश्यं संथ गतीने पुन्हा पुन्हा दाखवण्यात गुंतायचा. प्रोग्रामला उठायला उशीर व्हायचा, आणि कितीही उशीर झाला तरी तो सहाच अंश ढकलायचा. उशिरावर उशीर साचायचा. मार जितका जबर, तितकी फेरी लांब.

तिने हे मालकांच्या कानावर घातलं. ते हसले.

"अगं, लोक त्यासाठीच तर येतात. राहू दे."

तिने राहू दिलं नाही. पुढची लढत भावाची होती. आता फेरी सुरू होताच प्रोग्राम वेळ टिपून ठेवणार, आणि काटा पडद्यावर दाखवताना दर वेळी कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाला विचारणार, किती वेळ गेला? तेवढ्यावरूनच काट्याचा कोन. कॉम्प्युटर गुंतला तर काटा थबकेल, पण सुटताच उडी मारून बरोबर जागी येईल. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, तुझं घड्याळ काहीही दाखवू दे, मी त्याला पहिल्याच फेरीत आडवा करतो.

समोरच्याला बैल म्हणत. भावाने खरंच पहिल्या फेरीत त्याला गाठला. बरगड्यांत दोन, जबड्यावर एक. बैलाचे पाय लुळे पडले, तोंडातून लाळ आणि रक्त एकत्र गळू लागलं. आणखी एक ठोसा हवा होता. काटा थबकला, टुणकन वर गेला, घंटा झाली. पंचाने भावाला मागे ओढलं.

बैलाला श्वास मिळाला. पुढच्या फेऱ्यांत त्याने सगळं व्याजासकट परत केलं. शेवटच्या फेरीत भाऊ कोपऱ्यात सापडला. ओठ फाटून लोंबत होता, हात खाली आले होते, आणि बैलाने डावा डोळा हेरला. पहिला ठोसा भुवईवर, दुसरा गालाच्या हाडावर. तिसऱ्यासाठी त्याने खांदा मागे नेला. पडद्यावर काटा गोठलेला.

काट्याने उडी मारली. घंटा झाली. पंच मध्ये घुसला आणि तो ठोसा पंचाच्या खांद्यावर आदळला.

भाऊ हरला. आतल्या खोलीत त्याने बर्फाची पिशवी भिंतीवर भिरकावली.

"माझ्या मुठीत होता तो, ताई. तू वाचवलंस त्याला."

तिने त्याच्या उजव्या डोळ्यावर टॉवेल टाकला, एका हाताच्या अंगठ्याने डाव्याची सुजलेली पापणी वर केली आणि दुसऱ्या हाताची बोटं समोर धरली.

"किती बोटं?"

त्याने तोंडातलं रक्त तिच्या बुटांवर थुंकलं.

"किती, ते सांग आधी."

"तीन. आता तोंड दाखवू नकोस मला."

तीनच होती. ती भिंतीला टेकून खाली बसली. तो शिव्या देत राहिला, आणि ती ऐकत राहिली.